जयवंताच्या काळजाची गोळी

जयवंताचा नवरा देवमन मेडिकलमधून आला तो चेहरा पाडूनच.

"मेडिकलवाला म्हने, हे हार्टची गोळी हाय. काहून लपवलं वं माह्यापासून?"

"हार्टचीच हाय जी, पन मले..." जयवंताने जीभ चावली.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. पाळी गेल्यावर बायांची हाडं झिजतात. हृदयाची ही जुनी गोळी ती झीज थांबवते का, याचा अभ्यास चाललाय. जयवंता त्यात राजीखुशीनं सामील झाली होती. पण समोर सासरे पेपर वाचत बसलेले. त्यांच्यादेखत 'पाळी' हा शब्द ओठांवर येईना. 'पन' तसाच लोंबकळत राहिला.

जयवंताला हार्टचा आजार झाला, अशी बातमी फुटली आणि दुपारपर्यंत मोर्शीतली अर्धी आळी तिला भेटून गेली. जिच्या बागेत झाडं संत्र्यांनी वाकलेली, तिच्याच दारात लोकांनी पिशव्या भरभरून संत्री आणून ठेवली.

त्यात डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता, रोज चाला, उड्या मारा, हाडांना जोर पाहिजे. म्हणून ती गोठ्यामागे उड्या मारत होती, तर देवमनने पाहिलं.

"हार्टची गोळी खाऊन उड्या मारून राहिली? जीव द्याचा हाय का?"

त्यानं तिला खाटेवर निजवलं, स्वतः चहा केला, आणि महिला मंडळाला निरोप धाडला : यंदा भुलाबाईच्या फेरात जयवंता नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून गाणं तीच सुरू करायची. आता ते मंडळातल्या सरोजिनीकडे गेलं.

संध्याकाळी देवळाच्या अंगणातून सरोजिनीचा सूर आला. तो सूर नव्हता, सुकलेल्या रहाटाची कुरकुर होती. जयवंताच्या काळजात खरोखरच कळ उठली. ती उठली, पदर खोचला, थेट फेरात शिरली.

"अवो जयवंताबाई, बसा ना!" बाया मागे सरल्या. देवमन खुर्ची घेऊन धावला. देवळाच्या ओट्यावर बसलेले सासरेही उभे राहिले.

जयवंताने टिपरी उचलली.

"गोळी काळजाची बाई, काम करते हाडाचं,
पाळी गेली तर गेली, काम नाही रडाचं!"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पण फेराचा रिवाजच असा, की एकीनं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. बायांनी उचललं, आणि असं उचललं, की ओट्यावरची पुरुषमंडळी एकदम आकाशातलं चांदणं न्याहाळू लागली. देवमन आपणच आणलेल्या खुर्चीवर मटकन बसला.

फेर थांबला तशी सरोजिनी धापा टाकत जयवंताच्या कानाशी आली.

"डॉक्टरीणबाईचा पत्ता दे वं मले. अन ते दुसरी ओळ अजून एकदा म्हन. जोरात म्हन. माह्या सासूले बरोबर आयकू नाही गेली."