काही बुळबुळीत आहे का?

गौरींसाठी शोभाताईंनी घर घासायला काढलं आणि त्या ओघात लेकीच्या प्रयोगाच्या काचपट्ट्याही घासून टाकल्या.

"इतक्या बुळबुळीत होत्या ना गं! आता बघ, आरसा झालाय."

तो बुळबुळीतपणा मिळवायला देवश्रीने त्या पट्ट्या रत्नागिरीच्या जेट्टीखाली टांगून ठेवल्या होत्या. सुट्टीत प्रयोगशाळेत बघणारं कुणी नव्हतं, म्हणून समुद्री किड्यांच्या अळ्याही तिने बरणीतून भिंगारला घरी आणल्या होत्या. ओट्यावर त्या ठिपक्यांसारख्या पोहत होत्या. तिचं वर्षभराचं काम त्यांच्यावर अवलंबून होतं.

"आई, जिवाणूंचा थर असला की त्यातून एक रसायन झिरपतं. ते लागलं की अळी चिकटते, नळी बांधते, किडा होते. नाही लागलं तर पोहत पोहत मरते."

"स्वच्छ काचेवर बसायला काय होतं त्यांना?"

"तिथे आधी कुणी राहिलेलं नसतं."

शोभाताई विचारात पडल्या. मग उठून त्यांनी मोरी पाहिली, नळाखाली पाहिलं, कुंड्या हलवल्या. सगळीकडे त्यांचाच हात आधी फिरून गेलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या घराची लाज वाटली. वाटी घेऊन त्या शेजारी गेल्या.

"झुंबरबाई, तुमच्याकडं काही बुळबुळीत आहे का? बरेच दिवस न धुतलेलं? आमच्याकडं नाही हो."

"व्हय, तुमी लई सोवळ्या! आन् आमी काय उकिरड्यात ऱ्हातो? सणाच्या तोंडावर दारात येऊन घान मागता?"

दार धाडकन लागलं. देवश्रीला अळ्यांचं मरण बघवेना. तिने बरणीवर फडकं टाकलं.

गौरीजेवणाच्या दिवशी देवश्रीचे वडील विष्णुपंत तोंडावर हात धरून बाहेर आले. हिरड्या सुजल्यामुळे ते मऊ भातावर होते. आज मात्र पुरणपोळी होती.

"माझी कवळी कुठाय? परवा ओट्यावर मिठाच्या पाण्यात ठेवली होती."

"कुठल्या पाण्यात?"

"फडक्याखालच्या बरणीतल्या. चाखून पाहिलं ना मी, चांगलं खारट होतं."

देवश्रीने फडकं ओढलं, कवळी उचलली, भिंग लावलं. दातांच्या फटींत बारीक पांढऱ्या नळ्या उगवल्या होत्या. एकेका नळीतून इवलासा पिसारा बाहेर डोकावत होता.

"बसल्या! बाबा, बसल्या!"

"मग उठव त्यांना. ताटं वाढलीयेत."

"त्या आता उठत नाहीत. एकदाच जागा निवडतात, जन्मासाठी."

विष्णुपंत मुकाट्याने पोळी दुधात कुस्करू लागले. शोभाताईंनी भिंगातून कवळी पाहिली.

"अहो, रोज घासतो म्हणायचात ना?"

विष्णुपंतांनी दुधाचा मोठा घोट घेतला.

शोभाताईंनी पुरणपोळ्यांचं ताट झाकून उचललं आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" देवश्रीने विचारलं.

"झुंबरबाईंकडे. सांगते त्यांना, आमच्याच घरात निघालं."