बालिका वाढल्याचा दाखला

प्रस्तुत प्रकरणी अर्जदार सौ. प्राप्ती निकेत भोईर, वय अठ्ठावीस, राहणार किहीम, हिला तिसरा महिना चालू असताना अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, काढली आणि पुन्हा लावली. प्रकरण इथून सुरू होतं.

सदर अर्जदार माझी मुलगी. मी येसूबाई तुळशीराम नाखवा, काशीदच्या कोळीवाड्यातली. शिक्षण चौथी, पास की नापास ते कळायच्या आत आयेने डोक्यावर मच्छीची पाटी दिली. तेव्हा 'प्रस्तुत' आणि 'सदर' हे शब्द माझ्या तोंडी कुठून आले असं कुणाला वाटेल, तर ते मी पाच महिने संस्थेच्या बाकड्यावर बसून कमावलेत. आणि हेही नोंदवून ठेवते, की मच्छी वाळवायच्या आमच्या खळ्यावर माझ्या वयाच्या बायकांत अंगठा न लावणारी मी एकटी. मी सही करते. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, शेवटी लपेटा मारून. या सहीचा मला फार अभिमान होता.

तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास? आईच्या बाजूला कमी वयात कुणी अचानक गेलं?"

प्रश्न प्राप्तीला होता. पण आमच्या घरात प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर मी देते.

"आमच्याकडे असलं काही न्हाय," मी म्हणाले. "माझी आये ऐंशीव्या वर्षी पाटी घेऊन मुरूडच्या बाजारात बसायची, गुडघे तेवढे दुखायचे. बाप गेला तो होडी उलटून. त्याचं हृदय शेवटपर्यंत चालूच व्हतं."

बाई लिहून घेत होत्या. प्राप्तीने हळूच त्यांच्या कागदावर हात ठेवला.

"मॅडम, ते खोडा. मी दत्तक हाय."

मी खुर्चीतून उठले. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द माझ्यासमोर परक्या माणसाने ऐकला नव्हता. का, तर मी बंदोबस्तच तसा केला होता. प्राप्ती चार महिन्यांची असताना तिला संस्थेतून आणली. त्याआधी सहा महिने मी पोटाला गोधडी बांधून हिंडले, मग बाळंतपणाला म्हणून माहेरी गेले आणि पोर घेऊन परत आले. गावाला संशयही आला नाही, असं मी समजून होते. प्राप्तीच्या लग्नात शेजारची ठमाबाई मला म्हणाली, "येसू, गोधडीची शिवण दिसत व्हती गो. पण म्हटलं, एवढ्या उन्हात ती बांधून फिरतेय, तर ऱ्हाऊ दे." प्राप्तीलाही पाचवीपासून माहीत होतं. "कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं, तर म्हणाली, "आये, कोणी न्हाय सांगितलं ते विचार."

म्हणजे हे गुपित आता गुपित राहिलं नाही, हे गावात एकटीलाच ठाऊक नव्हतं. मला.

या गुपितापायी मी शाळेच्या तपासणीत, तापात, लग्नाआधी, जिथे म्हणून घराण्याचा आजार विचारला तिथे माझ्या आयेचे गुडघे आणि माझ्या आत्याची साखर पोरीच्या नावे लिहून दिली. आत्याच्या साखरेपायी पोरीला गणपतीत दोनच मोदक वाढले. वर हे सगळं मी कसलं सावधपणे केलं म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, मला गुडघे नकोत. हिच्या हृदयाचा आवाज मला बरोबर वाटत नाही. तपासण्या करतेच आहे, पण रक्ताच्या नात्यात काय आहे ते कळलं, तर नेमकं काय शोधायचं ते कळेल. बाळंतपणाच्या आत कळलं पाहिजे. संस्थेकडून कागद आणा."

"आणू की," मी म्हणाले. "कागदच तर आणायचाय."

संस्था पनवेलच्या पुढे. टेबलामागे दिपालीमॅडम होत्या, प्राप्तीहून दोनेक वर्षांनी मोठ्या, गोड बोलणाऱ्या. इतक्या गोड, की नाही म्हणाल्या हे बाहेर रिक्षात बसल्यावर कळायचं.

त्यांनी अर्ज दिला. पहिलाच रकाना होता, जन्मदात्या मातेचे संपूर्ण नाव.

"हे न भरता अर्ज घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"पण ते नाव तर तुमच्या फाईलीत," प्राप्ती म्हणाली.

"हो, आहे ना. पण ते गोपनीय आहे."

मग म्हणाल्या, नाव नको असेल, फक्त आजाराची माहिती हवी असेल, तर त्याला वेगळा अर्ज आहे. मी खूश झाले. त्यात रकाना होता, कोणत्या आनुवंशिक आजाराबद्दल माहिती हवी ते स्पष्ट लिहावे.

"तेच इचारायला आलोय आम्ही," मी म्हणाले.

"बरोबर आहे मावशी. पण तुम्ही आजार सांगितलात, तरच तो फाईलमध्ये आहे का ते बघता येईल. असं मोघम कसं शोधणार?"

आम्ही 'हृदय' असं लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की हृदय हा आजार नसून अवयव आहे, तरी त्रुटीची पूर्तता करावी.

चौथा महिना असा संपला. पाचव्यात फाईल सापडली आणि नवी अडचण निघाली. फाईल बालिकेच्या नावे होती. संस्थेने ठेवलेलं नाव किशोरी, वय चार महिने.

"माहिती बालिकेला किंवा तिच्या पालकांना मिळते," मॅडम म्हणाल्या.

"मीच ती बालिका," प्राप्ती म्हणाली.

"पण तुम्ही सज्ञान आहात ना ताई."

"मग पालकांना द्या. ही काय बसलीय आये."

"पालकांचा हक्क मूल सज्ञान झालं की संपतो."

मी म्हणाले, "म्हणजे पोर लहान ऱ्हायली असती तर कागद मिळाला असता?"

"तेव्हा मावशी, मूल लहान असल्यामुळे थांबायला सांगितलं असतं." हे त्यांनी जरासुद्धा न हसता सांगितलं. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. मासळीच्या धंद्यात असती तर नासका बांगडासुद्धा ताजा म्हणून विकला असता हिने.

त्यांनी फाईलीतला फोटो काढला. चार महिन्यांची, टक्कल केलेली, रडणारी पोर. मग प्राप्तीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"चेहरा जुळत नाही."

"वाढलीय ती!" मी ओरडले.

"तसा काही पुरावा?"

यावर कुणीही शहाणी बाई टेबल उलटं करून आली असती. मी गावचे पोलीस पाटील गणराज यांच्याकडे गेले आणि दाखला मागितला.

"कसला दाखला, काकी?"

"पोर वाढल्याचा."

गणराज पाटलांनी रहिवासाचे, वारसाचे, चारित्र्याचे दाखले दिले होते. हा पहिलाच. बराच वेळ पेनाचं टोपण चावून त्यांनी लिहिलं, "दाखला देण्यात येतो की, सदर बालिका ही आमच्या समक्ष टप्प्याटप्प्याने वाढली असून, वाढताना मध्ये खंड पडलेला नाही. तसेच वाढीबाबत गावात कोणाचीही हरकत नाही." खाली शिक्का. मी तो दाखला घेऊन खळ्यावरून मुद्दाम हळू चालत गेले. ज्या गोष्टीसाठी पोटाला गोधडी बांधली होती, ती आता शिक्क्यानिशी हातात घेऊन मिरवत होते. बायका विचारत होत्या आणि मी वाचून दाखवत होते. माणसाची अब्रू कधी कुठल्या कागदावर बसेल याचा नेम नाही.

दाखला मान्य झाला. मग जन्मदात्रीचं संमतीपत्र राहिलं. ते आम्हीच तिच्याकडून आणायचं होतं, पत्ता न विचारता. यावर सहावा आणि सातवा महिना गेला. प्राप्ती आता दोन पायऱ्या चढली तरी भिंतीला हात टेकून उभी राहायची. ओठ निळसर व्हायचे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली होती, ती आठव्या महिन्याची. निकेत, आमचा जावई, प्रत्येक पायरीला तिच्यामागे हात धरून उभा राहायचा. आमचे हे मुळातच बोलत नाहीत, पण एक दिवस जाळं विणता विणता म्हणाले, "येसू, पोर वाचंल ना?" उत्तर द्यायचं काम माझं, पण मी उठून सुक्या बोंबलांची जुडी बांधायला घेतली.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. प्राप्ती म्हणाली, "मी पण येणार. तू भांडशील." आली. मी भांडले. दिपालीमॅडमच्या टेबलावर सुक्या बोंबलांची जुडी आपटली, म्हणाले, "ही तुमच्यासाठी आणलीय, लाच न्हाय, पाहुणचार हाय. आता सांगा, एवढे दाखले कशाला लागतात? मेलेल्या माणसाला जाळायला पण इतके लागत न्हाईत!"

मॅडम पहिल्यांदा कंटाळल्यासारख्या दिसल्या.

"मावशी, प्रकरण बंद आहे म्हणून लागतात. चालू असतं तर आजाराची माहिती आम्ही साध्या अर्जावर दिली असती. उलट आम्हीच कळवतो."

"बंद कोणी केलं?"

त्यांनी फाईल उघडली आणि माझ्याकडे फिरवली. वर एक तपकिरी लिफाफा होता, रजिस्टरचा, चिकटवलेला, न फोडलेला. तारीख पंधरा वर्षांपूर्वीची. माझं नाव, माझा पत्ता, आणि आडवा शेरा. "सदर येसूबाई तुळशीराम नाखवा या पत्त्यावर राहत नाही. परत." त्याखाली सही होती. येसूबाई तुळशीराम नाखवा. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, शेवटी लपेटा मारून.

मला तो दिवस लख्ख आठवला. रावजी पोस्टमन खळ्यावर आला, आणि पाकिटावर छापलेलं संस्थेचं नाव त्याने सगळ्या बायकांसमोर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी बोंबील टाकून धावले. "माझं न्हाय ते! लिही, येसूबाई इथं ऱ्हात न्हाय!" रावजी म्हणाला, "लिहितो, पण सही लागंल कुणाची तरी." आणि सही म्हटल्यावर मला राहवतंय होय? मी ऐटीत करून दिली. मी इथे राहत नाही, हे मी स्वतः, माझ्या दारात उभं राहून, लेखी दिलं.

त्याखाली संस्थेची नोंद होती. "पालक आढळून आले नाहीत. प्रकरण बंद."

"पत्र आम्हाला फोडता येत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ज्याच्या नावे आहे त्यानेच फोडायचं. पण मावशी, तुम्ही तिथे राहता याचा पुरावा—"

"आये," प्राप्ती म्हणाली, "फोड."

मी फोडलं. वाचलं तिने, मला अक्षरं दिसेनात. सदर बालिकेच्या जन्मदात्या मातेने संस्थेत समक्ष येऊन कळविले आहे की, तिची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात मृत्यू पावली. हृदयातून निघणारी मोठी नस पातळ होऊन फुगत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हा दोष घराण्यात आहे. माता भेटीचा आग्रह धरीत नाही. मुलीला तपासून घ्यावे, एवढीच तिची विनंती आहे.

संस्थेच्या सगळ्या कागदांत वेळेवर निघालेला हा एकच कागद होता, आणि तो मी परत पाठवला होता.

प्राप्तीने कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "चल. डॉक्टरना फोन करायचाय." रिक्षात तिने माझा हात धरला होता. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तीच नस शोधली, तीच फुगलेली निघाली. कळा सुरू होऊ दिल्या नाहीत, आधीच पोट उघडून बाळ काढलं, आणि प्राप्तीवर पुढे दुसरं ऑपरेशन झालं. दोघी आहेत. मुलगी आहे. रडते ती थेट फाईलीतल्या फोटोसारखी, आता चेहरा जुळतो.

बाळाची फाईल करायला नर्स आली. बाहेर बाकावर आम्ही दोघी आज्या बसलो होतो, मी आणि निकेतची आई, नीराबाई. नर्सने आधी माझं लिहून घेतलं. मी सगळं सांगितलं, पत्र दाखवलं, गुडघ्यांचं नाव काढलं नाही. मग तिने विचारलं, "आणि वडिलांकडे? कुणाला काही?"

नीराबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली.

"आमच्याकडे असलं काही नाही."

त्यांचा एक दीर चाळिशीत जेवता जेवता ताटावर पडला, हे मला लग्न ठरवतानाच कळलं होतं. मी त्यांना कोपर मारलं. "सांगा विहीणबाय." त्या म्हणाल्या, "ते अचानक गेले. अचानक जाणं म्हणजे काय आजार झाला?" मीच नर्सला सांगितलं. विहीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हे वाचून तुम्ही मला चार वेळा तरी हसला असाल. हसा, हसण्यासारखीच बाई आहे मी. पण तुमच्या घरातले ते एक काका, किंवा ती मावशी, जिचं नाव मुलामुलींची स्थळं आली की कुणी काढत नाही, ती कशाने गेली? माहीत आहे तुम्हाला. पोरांना लिहून द्या, खाली सही करा.

मला कळवू नका. मी या पत्त्यावर राहत नाही, तसं माझं लेखी आहे.