हंसाबाईला नको होतं ते सगळं

इतिहासात कोणाची आवडनिवड चालत नाही!

हे वाक्य प्राध्यापक महादेवराव म्हसाळांनी जळगाव जामोदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, की फळा पुसणाऱ्या शिपायालाही ते पाठ झालं होतं. जे झालं ते झालं. राजाला काय आवडलं असतं आणि राणीला काय नको होतं, हे विचारणं म्हणजे पंचनाम्यात लावणी म्हणणं! असे हे महादेवराव निवृत्तीनंतरच्या पहिल्याच फाल्गुनात ओसरीवर बसून, मोबाइलवर ‘तुम्हाला कोणता राजा किंवा राणी आवडते?’ या प्रश्नाचं उत्तर अंगठ्यानं टाइप करत होते.

कारण प्रतीक्षा.

प्रतीक्षा म्हणजे थोरली मुलगी. पुण्यात नोकरीला. बापलेकीचं बोलणं बंद होतं. अगदीच बंद म्हणता यायचं नाही. ती आईला फोन करायची तेव्हा मागून महादेवरावांचा खोकला ऐकायची. महादेवराव त्यासाठी मुद्दाम खोकत.

झालं असं होतं, की मलकापूरचं एक स्थळ आलं होतं. प्रतीक्षा म्हणाली, “नको, बाबा.” महादेवराव हसले. मुली नकोच म्हणतात! त्यांनी तिकडे होकार कळवला, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढली, मांडव टाकला. त्या दिवशी पाहुण्यांची गाडी गावात शिरत होती आणि प्रतीक्षाची एसटी गावातून बाहेर पडत होती. वेशीवर दोन्ही गाड्यांनी एकमेकींना बाजू दिली म्हणतात. गुलाबजाम पुढं आठवडाभर गल्लीत वाटले गेले आणि ज्यांनी खाल्ले त्यांनीच सर्वांत जास्त चर्चा केली.

आता धाकट्या हर्षलचं लग्न वैशाखात ठरलं होतं. करवली येणार का? प्रतीक्षा आईला एवढंच म्हणाली होती, “पाहू.” त्या ‘पाहू’ला लटकून महादेवराव दिवस काढत होते. आणि अशात हर्षलनं बातमी आणली.

“बाबा, ताई दरसाल त्या कथाभेटीत भाग घेते.”

“हे काय प्रकरण आहे बे?”

“फॅनफिक्शन म्हणतात. आपल्याले आवडते त्या राजाराणीवर आपणच गोष्ट लिहायची. मंग अदलाबदल. हवं काय, नको काय, ते आधी सांगायचं. कोण कोणासाठी लिहून राह्यलं, ते गुपित.”

“इतिहासावर? मनाच्या गोष्टी?”

“हो.”

“पुरावे?”

“नसतात.”

महादेवरावांनी पाणी मागितलं.

“ताई दरसाल हंसाबाई मागते,” हर्षल म्हणाला, “अन् दरसाल तिले दुसरीच राणी भेटते. हंसाबाई कोणाले माहीतच नाही ना.”

महादेवरावांचा पेला ओठाशीच थांबला.

अंबादरी संस्थानची राणी हंसाबाई! संस्थान एवढंसं, की राणीचा घोडा जरा उधळला की शेजारच्या राज्यात जायचा आणि माफीपत्र लिहून परत आणावा लागायचा. बाप राज्य सोडून काशीला गेला, तो परत आला नाही. मुलीनं लग्न न करता गादी चालवली. कागदोपत्री हंसाबाईच्या वाट्याला तीन ओळी आल्या होत्या. त्या तीन ओळींवर महादेवरावांनी एकेकाळी पीएचडी सुरू केली होती. ओळी तीनच राहिल्या. पण स्कूटरवर पुढं उभ्या राहिलेल्या लहानग्या प्रतीक्षाला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ती राणी रोज नवीन सापडायची. पुरावे नसायचे. तेव्हा चालायचं.

म्हणजे उभ्या महाराष्ट्रात हंसाबाई ओळखणारी माणसं दोन. एक मागणार, दुसरा देणार. चिठ्ठ्या कशाही टाका!

महादेवरावांनी ‘इतिहासमित्र’ या नावानं अर्ज भरला; आवडती राणी अर्थातच हंसाबाई. स्वतःच्या आवडीनिवडीही लिहिल्या. हवं: वस्तुनिष्ठता, सनावळी, सारावसुलीचे आकडे. नको: कल्पनाविलास, अश्रू, भावनांचा बाजार.

आणि झालं तसंच! खामगावची काजल नावाची मुलगी या सगळ्याची व्यवस्था पाहायची. तिच्याकडून त्यांना ज्याच्यासाठी लिहायचं त्याची आवडनिवड आली. नाव नव्हतं. पण हंसाबाई दिसल्यावर नाव कशाला?

हवं: हंसाबाई राज्य चालवताना. तिचा घोडा. तिला कोणी काही शिकवत नाही अशी एक दुपार.

नको: लग्न. बापाचा उपदेश. शेवटी समेट. तळटीपा.

महादेवरावांनी ते दोनदा वाचलं आणि मांडीवर थाप मारली. “सत्यभामा! पोरगी विसरली नाही हो मला!”

सत्यभामाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, वाचला. “आवो, हे तं नको म्हणून राह्यली ती.”

“तेच तर! मनात नसतं तर बापाचं नाव काढलं असतं का? नको म्हणजे काय असतं? शेषराव आपल्याकडं पहिल्यांदा जेवायला आले, श्रीखंड नको म्हणाले. आपण काय केलं?”

शेषराव म्हणजे हर्षलचे होणारे सासरे.

“वाढलं,” हर्षल म्हणाला.

“खाल्लं ना?”

“खाल्लं. मंग दवाखान्यात नेलं. शुगर होती त्याहीले.”

“पण खाल्लं!” महादेवराव गरजले. “नको हा विनय आहे. आग्रह केल्याशिवाय आपल्याकडं माणूस पाणी पीत नाही. तुझ्या आईनं काय केलं? मी पाहायला गेलो तेव्हा नको म्हणाली होती. आणि बघ, संसार झाला की नाही?”

“म्या खरंच नको म्हटलं होतं,” सत्यभामाबाई मेथीकडं पाहत म्हणाल्या. “मंग कोणी विचारलंच नाही.”

महादेवराव मोठ्यानं हसले. बाकी कोणी हसलं नाही, पण ते त्यांच्या लक्षात येण्याइतका वेळ नव्हता. त्यांना लिहायचं होतं.

त्यांनी लिहिलं! पीएचडीत न फुटलेला बांध कथेत फुटला. पहिल्याच पानावर काशीहून बाप परत आला. दुसऱ्या पानापासून तो बोलू लागला. बाप बोलतोय, हंसाबाई ऐकतेय, दरबारी माना डोलावताहेत, पोपटसुद्धा गप्प. मग शेजारच्या राजपुत्राचं स्थळ, मग लग्न, मग जेवणावळ. जेवणावळीला अख्खं प्रकरण दिलं होतं, कारण प्रतीक्षाला कढी आवडते. शेवटी हंसाबाई बापाच्या पायाशी बसते आणि म्हणते, ‘आपण म्हणत होता तेच खरं!’ तळटीपा तर मांडवातल्या पोरांसारख्या जिकडंतिकडं. त्यातली एक अशी: ‘घरातून निघताना वडिलांना सांगून निघण्याची प्रथा तत्कालीन समाजात दृढ होती.’

वाचन संपलं. हर्षल छताकडं पाहत होता.

“कशी आहे?”

“यात ती बाई कुठं काय बोलते?” सत्यभामाबाईंनी विचारलं.

“शेवटी बोलते ना!”

“हां. शेवटी बोलते.” आणि त्या दूध पाहायला गेल्या. दूध गॅसवर नव्हतं.

दोन दिवसांनी काजलचा फोन आला. बिचारी फार अदबीनं बोलत होती.

“काका, ‘नको’मधल्या चारही गोष्टी तुमच्या कथेत आल्या हो.”

“पाचवी सांगितली असती तर तीही घातली असती!”

“नाही काका, म्हणजे... ते टाळायचं असतं.”

“बाई, आपल्याकडं पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापतात की नाही? मग मांडवाच्या दारात वही घेऊन बसलेला माणूस कोण असतो?”

“बरं काका,” काजल म्हणाली. मागच्या लग्नसराईत तिथं तिचेच वडील बसले होते.

पाडव्याला सगळ्या भेटी उघड झाल्या. ज्याला भेट मिळाली त्यानं खाली दोन शब्द लिहायचे, असा रिवाज होता. महादेवराव सकाळपासून, गुढीला गाठी बांधायच्या सोडून, फोनला डोळे बांधून बसले. दुपारी शब्द आले.

‘भेट मिळाली. नको होतं ते सगळं मिळालं. घोडा तेवढा राहिला. धन्यवाद.’

“घोडा होता की!” महादेवराव ओरडले.

“होता,” हर्षल म्हणाला. “पण त्याच्यावर नवरदेव बसला होता, बाबा.”

आणि मग त्यांच्या नावावरची भेट उघडली. हंसाबाई ओळखणारी माणसं दोनच असल्यामुळं ती कोणाकडून आली, हे सांगायला नको.

शीर्षक होतं ‘अंबादरी संस्थानातील सारावसुली’. महादेवरावांनी चष्मा पुसला. सनावळी होती. आकडे होते. ज्वारी किती, कापूस किती, घोड्याचा चारा किती. एक कल्पना नाही, एक अश्रू नाही. त्यांनी मागितलं होतं तेवढं, मोजून, काट्यावर. ते ओळीन् ओळ खरवडत गेले, पातेल्याच्या तळाशी काही लागतंय का पाहत. चाऱ्याचा हिशेब तर दोनदा वाचला. अगदी शेवटी एक वाक्य सापडलं.

‘राणीचे वडील या काळात काशीस हयात असावेत. पत्रव्यवहार आढळत नाही.’

महादेवरावांनी तेही दोनदा वाचलं. इतकी वस्तुनिष्ठ भेट त्यांना आयुष्यात कोणी दिली नव्हती. मागताना त्यांना वाटलं होतं, पोरगी थोडी तरी चुकेल.

संध्याकाळी गुढी उतरवताना त्यांनी जाहीर केलं, “आजपासून या घरात नको म्हणजे नको!”

माणूस सुधारला की शेजाऱ्यांना त्रास होतो. शंकरराव नेहमीसारखे आले, नेहमीसारखे “चहा नको” म्हणाले आणि तासभर नेहमीसारखे बसून राहिले. चहा आला नाही! दुसऱ्या दिवशी गावात बातमी: म्हसाळ सरांची पेन्शन अडकली. लग्नाची तर कमालच झाली. बैठकीत शेषराव हात जोडून म्हणाले, “आमाले मानपान काही नको.” महादेवरावांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि नवरीच्या एकाही मावशीला पातळ दिलं नाही. सीमांतपूजनाला सगळ्या मावश्या अशा उभ्या राहिल्या, जणू कोणी वारलंय!

“आवो, ते म्हणायचं असते!” सत्यभामाबाईंनी कपाळावर हात मारला.

“म्हणायचं असतं तर म्हणू नये,” महादेवराव म्हणाले. हर्षल धावत बाजारात गेला, पातळं आणली, तेव्हा कुठं नवरी मांडवात आली.

पण प्रतीक्षा आली होती.

करवली झाली, फेटा बांधून मिरवली, भावाचा कान पिळला, वहिनीशी हसली. बापाशीही बोलली. “बाबा, पंखा इकडं फिरवू?” “फिरव.” एवढंच, पण शब्दाला शब्द! महादेवरावांना दिवसभर खोकला आला नाही.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा होती. लग्नाच्याच दिवशी उतरत्या उन्हात ती बॅग घेऊन निघाली. शेगावहून रेल्वे धरायची होती. महादेवराव स्कूटरवरून तिला स्टँडवर घेऊन गेले. शेगावची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर तंबाखू मळत होता.

“उद्या पूजा आहे,” महादेवराव म्हणाले. “थांबतेस?”

“नको, बाबा.”

पूर्वीचे महादेवराव असते तर त्यांनी बॅग हिसकावली असती, ड्रायव्हरला दम दिला असता, तिच्या साहेबाला पुण्यात फोन लावून पूजेचं महत्त्व तळटीपांसह सांगितलं असतं. ते सगळं गळ्यापर्यंत आलं. त्यांनी गिळलं. इतकं कठीण काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले.

प्रतीक्षा उभीच राहिली. बॅगेचा पट्टा तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“तसं ऑफिसले सांगता येते म्हणा.”

“छे छे! तुझ्या कामाचा खोळंबा नको.”

“हं.” ती गाडीकडं पाहत होती. मग स्कूटरकडं पाहिलं. “ही अजून चालते?”

“चालते.”

“मंग जाऊ मी?”

“हो, जा. तू नको म्हणालीस ना. आता मला कळतं.”

ती चढली. खिडकीशी बसली. महादेवरावांनी हात केला. छाती अशी भरून आली होती, की वाटलं, चला, इतक्या वर्षांत एक गोष्ट तरी शिकलो.

घरी आले तर ओसरीवर गादी घातलेली. सत्यभामाबाई अंगणातल्या चुलीपाशी कढी ढवळत होत्या. त्यांनी महादेवरावांच्या मागं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं.

“पोरगी कुठाय?”

“गेली. विचारलं मी. नको म्हणाली.”

“कितींदा इचारलं?”

“एकदा.”

सत्यभामाबाईंनी पळी खाली ठेवली. “सकाळीच म्हणून राह्यली होती मले, बाबा म्हणतील तं थांबीन म्हणे आई.”

महादेवराव जोड्यांसकट वळले, स्कूटरला लाथा मारत सुटले, चौथ्या लाथेला ती सुरू झाली, आणि ते स्टँडवर पोचले.

शेगावची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली होती.