बियाण्याच्या गोळ्या

आमच्या जनूकाका म्हात्र्यांइतका स्वतःच्या लघवीबद्दल मोकळेपणाने बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय निघाला की काका उभे राहतात. "पानी कमी आला का मना लघवीला जलजल होते. परत चालू झालीय." हे इतिवृत्तात लिहायचं की नाही, असा प्रश्न सेक्रेटरींना पडतो. लिफ्टमध्ये कुणाचा अनोळखी पाहुणा भेटला, तर त्यालाही तिसरा मजला येईपर्यंत सगळी हकीकत कळलेली असते. त्यांची बायको, हिराकाकी, अशा वेळी पदर सावरून लिफ्टच्या कोपऱ्याकडे बघत राहतात. बिचारीला किती लाज वाटत असेल, असं आम्ही सगळे म्हणायचो.

जूचंद्रची आमची इमारत काकांच्याच भातशेतीवर उभी आहे. "मास्तर, तुमची मोरी हाय ना, तिथं आमचा बांध होता," असं ते मला अधूनमधून सांगतात, आणि मग मला अंघोळ करताना उगाच चिखलात उभं राहिल्यासारखं वाटतं. शेती गेली तरी काकांचा एक नियम गेला नाही. पूर्वी भात घरी आलं की आधी त्यातलं बियाणं वेगळं काढून पेंढ्याच्या मुड्यात बांधायचे, आणि मगच नवा भात शिजायचा. "बी खाल्ला तो सपला," हे त्यांचं ठाम मत. आता मुडा नाही, पण साखरेतली मूठभर साखर, साबणातला चतकोर साबण, सगळ्याचं बी बाजूला निघतं.

आणि अँटिबायोटिकचंही.

डॉक्टरांनी आठवड्याच्या गोळ्या दिल्या, की काका जळजळ थांबेपर्यंत त्या चालू ठेवायचे. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पुढच्या खेपेला आधी डबा उघडायचा, डब्याने भागलं नाही तरच डॉक्टर. या डब्यातून ते इमारतीलाही उदारपणे वाटप करत. माझा घसा बसला तेव्हा लाल-पिवळ्या दोन कॅप्सूल घेऊन दारात हजर. "एक खा, एक ठेव."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, काका, बरं वाटलं तरी सांगितलेल्या सगळ्या गोळ्या संपवायच्या असतात, नाहीतर उरलेले जंतू शिरजोर होतात. जन्मात नांगर न धरलेल्या माणसाचं ऐकावं तसं काकांनी ते ऐकून घेतलं.

"मास्तर, सगळा खाल्ला तं पुढच्या साली पेरशील काय?"

मी शाळेत गणित शिकवतो, शेतकी नाही.

यंदा मात्र दुखणं काही केल्या हटेना. डबा झाला, डॉक्टर झाले, महिनाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माणिकपूरच्या डॉक्टरांकडे माझ्या स्कूटरवरून आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. या वयाचा पुरुष म्हटल्यावर डॉक्टरांना प्रोस्टेटची शंका आली. काकांनी निमूटपणे तांब्या-तांब्याने पाणी पिऊन सोनोग्राफी करून घेतली. सगळं कसं स्वच्छ निघालं. डॉक्टर आणखी काळजीत पडले.

"आता अंदाजाने औषध देणं बस," ते म्हणाले. "लघवीचं कल्चर करू. जंतू कोणता आणि तो कशाने मरतो ते तरी कळेल."

लॅबमधल्या मुलीने बाटली दिली आणि बाथरूम दाखवलं. अख्ख्या तालुक्याला लघवीची बातमी देणारे काका तिथे एकदम लाजले. "मना परक्या घरी होत नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली पंच्यात गुंडाळून, पोटाशी धरून ते माझ्या मागे स्कूटरवर बसले. येताना नेहमीप्रमाणे शहाळं घेतलं आणि नेहमीप्रमाणेच तिथे न पिता घरी नेलं.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला.

"तुमच्या डब्यातली एकही गोळी आता उपयोगाची नाही. अर्धवट औषधं घेऊन जंतू पुरते मुरलेत."

"म्हणजे काका," मी म्हटलं, "बी राखलंत खरं, पण जंतूंचं."

काका हसले नाहीत. डॉक्टर पुढे म्हणाले, "आता इंजेक्शनच. रोज इथे येऊन, शिरेतून. हयगय केलीत तर मूत्रपिंडापर्यंत जाईल."

"गोली नाय?"

"नाही."

"इंजेक्शन घरी नेला तं?"

"घरी कशाला? हात घेऊन या, झालं."

काका आपल्या हाताकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, हात माझा नाय."

आम्हाला कळेना.

"दुखना हिराचा हाय. मना कायपन नाय. ती बोलली, मरेन पन असला कोनाला सांगनार नाय. बाई डॉक्टरला पन नाय. मंग मी बोललो, तू सांगू नको, मना होतंय असा मी सांगतो." ते पुढे म्हणाले, "उद्या मी नसलो तं तिच्यासाठी कोन सांगनार? म्हनून गोल्या ठेवायचो. कालपासून ताप हाय तिला."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही वाटली. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं हे कळेना, म्हणून मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र बघत राहिलो.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना," डॉक्टर म्हणाले. "नव्याने तपासतो. आणि तो डबाही आणा. तो इथेच राहील."

तासाभरात रिक्षातून हिराकाकी आल्या. अंग तापाने फणफणत होतं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. बाहेर बाकावर गर्दी होती. शेजारच्या बाईंनी मायेने विचारलं, "काय होतंय हो तुम्हाला?"

काकी थिजल्या. काका ताडकन उभे राहिले.

"तिला काय नाय! मना होते लघवीला जलजल. ती माझ्यासोबत आलीय."

बाई घाईघाईने दुसरीकडे बघू लागल्या. आतून हाक आली तसे काका पुढे झाले आणि त्यांच्यामागून काकी. दार लागताना मला फटीतून दिसलं, झंपरची बाही काकी वर करत होत्या.

थोड्या वेळाने आतून बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला, "आय गं!"

आवाज काकांचा होता.