जागा मोडायची नाय

शनिवारी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर पोतं शिवत होतो. म्हणजे शिवत होती मार्था, माझी बायको. मी दाभणात सुतळी ओवून देत होतो. तिला दिसत नव्हतं आणि चष्मा लावायचा नव्हता.

"हे कोनाचं?" मी विचारलं. "पोरं वीस, पोती वीस झाली."

"येल कोनतरी. तुमी सुतळी द्या, तोंड नको."

बेटेगावच्या आमच्या चर्चमधली पोरांची रविवारची शाळा मार्थानेच काढली. मी भाताच्या गिरणीत हमाल. फाटकी पोती आणायचो. ती कापून प्रत्येक पोराला बसायला एक तुकडा शिवायची, कोपऱ्यात वेगळ्या रंगाची चिंधी. त्यावर दुसरं पोर बसलं की ओरडायची, "जागा मोडायची नाय."

मी म्हटलं, बाक करून देतो. ती म्हणाली, "बाकावर सरकता येतं. एक पोर गेलं का बाकीची सरकून बसतात. मग ते परत आलं का दारात उभं ऱ्हातं, आन् दारातनंच जातं."

पोरं तर जायचीच. दिवाळी झाली की डोंगराकडची निम्मी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर, पावसाआधी परत. तरी मार्था दर रविवारी वीसच्या वीस तुकडे अंथरायची. आम्हाला मूल झालं नाही.

या हिवाळ्यात चर्चचे नवे पाळकसाहेब शाळा बघायला आले. नऊ पोरं, अकरा रिकामी पोती. मार्थाने हजेरी घेतली.

"लाडकी?"

लाल चिंधीचं पोतं रिकामं.

"हाय," मार्थाच म्हणाली. "भट्टीवर हाय."

असं अकरा वेळा. साहेब दमले नि एका पोत्यावर टेकले.

"साहेब, उठा. ती लाडकीची जागा हाय."

साहेब तासभर उभे. खिडकीबाहेर मी विडी ओढत होतो, हसताना ठसका लागला.

जाताना साहेब म्हणाले, "बाई, नऊ पोरांसाठी कशाला शाळा? बंद करू."

"वीस हायेत. आता ऐकलंत ना? पावसाच्या आत बसलेली दावते."

ते बरं म्हणाले. त्या दिवसापासून मार्था रोज भिवंडीच्या वाटेकडे बघायची. मी चिडवायचो, "साहेबाला घाबरलीस." ती वाटेवरून नजर काढायची नाही.

तर पाऊस पंधरा दिवसांवर आलेला, त्या शनिवारी पोतं शिवून झालं, तिने दाभण माझ्या हातात दिलं, भिंतीला टेकली. मला वाटलं डोळा लागला. चहा घेऊन आलो तेव्हा कळलं.

सकाळी साहेब म्हणाले, "आजोबा, दुपारी दफन आहे. आज शाळा राहू दे."

"नाय," मी म्हणालो. "जागा मोडंल."

पोती खांद्यावर टाकून गेलो. कुठलं कुठे ते मला ठाऊक नव्हतं. "आजोबा, तं माजं नाय," करत पोरांनीच मांडली. दारात एक काळवंडलेली, विटांच्या धुळीने माखलेली मुलगी उभी होती. कोणाला न विचारता आत आली आणि लाल चिंधीवर बसली. मागोमाग आणखी पाच-सहा आली. अजून सगळी नव्हती.

मी चौथी पास. हजेरीची वही वाचत बसलो नाही. खिडकीबाहेर बसून इतकी वर्षं ऐकलेली नावं तोंडात होतीच.

"लाडकी?"

"हाय."

न आलेल्यांचं मीच म्हणालो, "हाय. येतायत." दाराशी साहेब उभे होते.

वीस नावं झाली. एकविसावं पोतं, बिनचिंधीचं, मार्था बसायची तिथे अंथरलं.

"मार्था?"

पोरं माझ्याकडे बघू लागली.

"हाय," मी म्हणालो.