राखाडी स्वेटरच्या मागावर

बायकोचं पुस्तक चोरून वाचायचं मी ठरवलं, ते निव्वळ मत्सरापोटी. हल्ली ती जेवतानाही वाचते आणि वाचता वाचता हसते. मी पाणीपट्टी खात्यात कारकून. ऑफिसात काय घडलं ते सांगायला लागलो की ती ‘हं’ म्हणून पान उलटते. (ऑफिसात काही घडत नाही, हा भाग वेगळा.) लग्नानंतर सुरुवातीला ती माझ्या बोलण्यावर हसायची. आता ते हसू पुस्तकातला कुणी गुप्तहेर घेऊन चालला होता आणि मला ते परत हवं होतं.

ती आंघोळीला गेली की मी वाचायला बसायचो. नायक एका देशाचा हेर, नायिका दुसऱ्या देशाची. दोघं एकमेकांवर पाळत ठेवतात, हॉटेलात नवरा-बायको असल्याचं सोंग आणतात आणि बाहेर गोळीबार चालू असताना गीझर कोणी चालू ठेवला यावरून भांडतात. आधी मला हे पोरकट वाटलं. नंतर बाथरूमची कडी वाजेपर्यंत पुस्तक हातातून सुटेना. एकदा नायक गर्दीतून नायिकेचा पाठलाग करतो. तिला ते ठाऊक असतं, म्हणून ती मुद्दाम दुकानाच्या काचेसमोर थांबते. तिथे माझ्या अंगावर काटा आला.

म्हटलं, आपणही हे करून बघू. शनिवारी दुपारी बायको बाजारात जाते. मागून जायचं आणि ती काचेसमोर थांबली की हळूच शेजारी उभं राहायचं. ती बाहेर पडल्यावर मी काळा चष्मा लावला, टोपी चढवली (माकडटोपी होती, ऐनवेळी दुसरी सापडली नाही) आणि निघालो.

कोपऱ्यावर राखाडी स्वेटर दिसला. बायकोकडे राखाडी स्वेटर आहे. मी मागे लागलो. स्वेटर बेकरीत गेला, मी खांबाआड उभा राहिलो. स्वेटर चपलांच्या दुकानापाशी थांबला, पण मी धीर गोळा करेपर्यंत पुढे निघाला, तोही झपझप. मला वाटलं, वा, हिला कळलेलं दिसतंय. मग तो दाताच्या दवाखान्यात शिरला. मीही आत जाऊन एक खुर्ची पकडली आणि तोंडासमोर पेपर धरला.

काउंटरपाशी स्वेटर वळला. ती माझी बायको नव्हती.

“हा माणूस बेकरीपासून माझ्या मागे आहे,” ती बाई रिसेप्शनिस्टला म्हणाली.

सगळे पेशंट माझ्याकडे बघू लागले, गाल सुजलेलेसुद्धा. मी टोपी काढून सांगितलं की गैरसमज झाला, मी खरं तर माझ्या बायकोचा पाठलाग करत होतो. हे जितकं खरं होतं तितकंच ऐकायला वाईट वाटलं. रिसेप्शनिस्टने फोन जवळ ओढला.

“बायकोने आज काय घातलंय?” तिने विचारलं.

सकाळचा चहा तिनेच हातात दिला होता, समोर बसून प्यायलीही होती. तरी मला आठवेना. स्वेटर असावा, असं मी पुटपुटलो. रिसेप्शनिस्ट पोलिसांचा नंबर फिरवू लागली.

“राहू द्या,” माझ्या शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. “ते माझे आहेत.”

बायकोच होती. हिरव्या कुडत्यात. तिने त्या बाईची माफी मागितली आणि समजावलं की यांच्यापासून धोका काहीच नाही, घरातसुद्धा हे मला आवाजावरूनच ओळखतात. बाईला ते पटलं. उलट जाताना तिने बायकोचाच हात सहानुभूतीने दाबला.

रस्त्यावर आल्यावर सगळं कळलं. भर दुपारी माकडटोपी घालून निघालेला नवरा तिला औषधांच्या दुकानातून दिसला होता. तेव्हापासून ती माझ्या मागे होती. मी तिचं पुस्तक चोरून वाचतो हे तिला ठाऊक होतंच; दोनदा ती माझ्या पुढे जाऊन काचेसमोरही थांबली होती म्हणे.

“पुस्तकांत मला हेच आवडतं,” ती म्हणाली. “तो तिच्याकडे बघतो. कामच असतं त्याचं, पण बघतो.”

मला फार वाईट वाटलं आणि तसं मी सांगितलंही. तिने माझ्या हातातल्या माकडटोपीकडे बघितलं. मग हसायला लागली, अगदी पूर्वीसारखी, फुटपाथवर थांबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझी छाती फुगली.

“नव्या पुस्तकात तुमच्यासारखा एक हेर आहे,” डोळे पुसत ती म्हणाली.

“नायक?”

“नाही हो. दुसऱ्या प्रकरणात मरतो. पण बराच वेळ सगळ्यांना वाटतं, त्याला डुलकी लागलीय.”