खंडेनवमीचा स्विच

मोडेम, राऊटर, स्विच आणि हब यांतला फरक मी कुणालाही दोन मिनिटांत समजावून देऊ शकते. मोडेम बाहेरच्या जगाशी बोलतो. राऊटर घरातल्या कुणाला जगाशी बोलायचं आहे, ते सांभाळतो. स्विच ज्याचा निरोप त्यालाच देतो. हब मात्र एकाचा निरोप सगळ्यांना ओरडून सांगतो. आमच्या लोधिवलीच्या घरात हब नाही. गरजच पडत नाही, सासूबाई आहेत.

बाकीचे तिन्ही डबे माझे थोरले दीर, धनेशदादा, यांच्या ओटीवर भिंतीला टांगलेले आहेत. मीच टांगलेत. एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झाल्याचा या घराला झालेला तेवढाच उपयोग. तिथून एक वायर मागच्या बाजूला आमच्या घरात येते. गोठ्याजवळ कॅमेरा लावायचा म्हणून आणखी एक वायर मी आणून ठेवली होती. तिचं एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं गुंडाळून खिळ्याला अडकवलेलं.

पनवेलच्या एका कॉलेजात नेटवर्किंग शिकवायची जागा निघाली. लग्नानंतरची माझी पहिली मुलाखत, तीही ऑनलाइन. दिवस नेमका खंडेनवमीचा. मी निर्धास्त होते. जी गोष्ट मी स्वतः जोडली आहे, ती मला दगा कशी देईल?

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयते, कुदळी, धनेशदादांचा ट्रक, माझी स्कूटर. पूजेला बसलेल्या वस्तूला दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. यंदा दादांच्या मनात आलं की नेटचे डबेही हत्यारंच की. त्यांनी ते उतरवले, फडक्यानं पुसले, परत टांगले आणि हळदकुंकू वाहिलं. वायरी जिथल्या तिथे लावल्या, हे मान्य करायला हवं. फक्त या उतरवाउतरवीत खिळ्यावरून सुटलेली गोठ्याची वायर लोंबताना त्यांना नंतर बघवली नाही. सणाच्या दिवशी पुजलेल्या वस्तूची वायर लोंबती बरी दिसत नाही. म्हणून तिचं मोकळं टोकही त्यांनी त्याच स्विचच्या शेजारच्या भोकात खोचलं.

त्यासरशी स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. सासूबाईंनी हात जोडले म्हणे.

इकडे समितीनं मला पहिला प्रश्न विचारला होता: घरचं नेटवर्क अचानक ठप्प झालं, तर तुम्ही आधी काय तपासाल? मी उत्तराला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच गोठलं.

मी इस्त्रीच्या साडीत ओटीवर धावले. स्विचकडे एक नजर टाकली आणि कळलं. हळदीकुंकवात एखादी बाई एक बातमी सांगते, ती फिरून तिच्याच कानावर येते आणि ती नवी बातमी म्हणून पुन्हा सगळ्यांना सांगते, तसं स्विचचं झालं होतं. स्वतःचाच निरोप स्वतःला पाठवत तो गरगर फिरत होता. त्या गर्दीत माझ्या मुलाखतीला वाट कुठून मिळणार?

दादांना मी सांगितलं की एकच वायर काढायची आहे, दोन बोटांनी.

"हात नको लावू गं, पूजेला बसलंय ते."

"दादा, नेट बंद पडलंय."

"बंद कसं? सगळे दिवे चालू हायत. कधी नव्हते एवढे."

सासूबाई म्हणाल्या, उद्या सोनं लुटलं की काढ. मी म्हटलं, मुलाखत आज आहे. त्यावर त्या शांतपणे बोलल्या, "घरात काय इपरीत झालं, तर तुझ्या माथी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. हर्षद समजूतदार माणूस आहे, कुणाशी वाद घालत नाही. तो म्हणाला, "त्यांना मेल टाक ना, उद्या घ्या म्हणावं."

"कशावरून टाकू?"

यावर त्यानं विचार केला. अजून करतोय.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. ती हायवेला येते. स्कूटरला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू, म्हणजे तीही पूजेला बसलेली. मी साडी सावरत पायी निघाले. एका टँकरच्या सावलीत दोन रेघा रेंज मिळाली, तेव्हा मुलाखत संपल्याची सूचना पडद्यावर आली. कॉलेजला फोन केला. कारकून म्हणाला, समितीला कळवतो.

दुपारी क्रिकेटची मॅच होती. दादांनी टीव्ही लावला आणि त्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. थोडा वेळ त्यांनी देवाच्या मर्जीवर सोडून पाहिलं. मग मला बोलावणं आलं. दरम्यान सासूबाईंना आठवलं होतं की गोमूत्र शिंपडून क्षमा मागितली, तर हात लावलेला चालतो. त्यांनी शिंपडलं, क्षमा मागितली आणि मी वायर उपसली. मॅच लागली. क्षमेला लगेच गुण आला, असं सासूबाई शेजारी सांगून आल्या.

माझ्या फोनवर पहिली आली ती कॉलेजची मेल. आपली परिस्थिती समजली, पण ज्या उमेदवाराला स्वतःच्या घरचं नेट चालू ठेवता येत नाही, तिच्याकडे हा विषय सोपवणं समितीला योग्य वाटत नाही.

मी ती दोनदा वाचली. त्यात चूक काढता येईना.

षटक संपलं तशी दादांनी मान वळवली. "एका वायरीचं काम होतं व्हय गं? तुला ठावं होतं, तर सकाळीच का नाय काढलीस?"

यावर मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं सांगायचं तर काहीच सुनावलं नाही. चहा कोणाकोणाला हवाय, ते विचारलं.